नववीची लेखनिक

मी गणिताचा मास्तर. सोलापुरात सात रस्ता चौकात उभं राहून कुठलाही रिक्षावाला थांबवा, त्याला पाढे मीच शिकवलेले असतात. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली एक म्हैस बांधलेली असायची. तीन वर्षं तिनं नुसतं ऐकलं, आणि चौथ्या वर्षी गवळ्यानं दुधात पाणी किती घातलं ते मान हलवून गिऱ्हाइकांना सांगायला लागली. गवळ्यानं शेवटी तिला मंगळवेढ्याच्या बाजारात नेऊन विकली. तिथले व्यापारी अजून तिच्यासमोर हिशेब करत नाहीत म्हणतात.

ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगायला लागलो की स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज यायचा, "पाव." एवढंच. म्हणजे ऐकणाऱ्यांनी त्यातलं पाव खरं धरावं. कधी निम्मं मिळायचं, कधी पाऊण. पाऊण मिळालं तर मीच चपापायचो, कारण तेवढं खरं असल्याचं मलाही ठाऊक नसायचं. अपूर्णांकांवर असा हात असलेली ही बाई दहावीला गणितात नापास होती.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि कुणी लपवू दिलंही नसतं. बार्शीकडच्या आपल्या गावात ती दहावीला बसली, गणितात गेली, आणि मे महिन्यात आमचं लग्न झालं. बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांना मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, गणिताचं काय घेऊन बसलात मामा, ते माझ्यावर सोडा. त्यांनी सोडलं. पुढं कैक वर्षं ते तसंच पडून राहिलं. लग्नकार्यात पाहुणे टोमणा मारायचे, काय मास्तर, दिव्याखाली अंधार. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणायची, "दिवा फडफडतोय किती ते बगा की. खाली उजेड पडायला दिवा जाग्यावर पायजे."

ती आमच्या भागातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघर फिरून गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, रडणाऱ्याला काखेत मारून बाकीच्यांना गाणी म्हणून दाखवायची. रजिस्टरवर सही मात्र सेविकेची. सेविका व्हायचं तर दहावी पास लागायचं. सरकारची पात्रता चिंचेच्या फांदीसारखी असते, आपण टाचा उंचावल्या की ती वीतभर वर जाते. ही कामाला लागली तेव्हा सातवीवर भागत होतं. मग दहावी आली, आता बारावी म्हणायला लागलेत, उद्या चंद्रावर जाऊन आल्याचा दाखला मागतील. तरी आधीपासून कामावर असलेल्यांना तेव्हा दहावीवर वाट होती. म्हणून एके दिवशी मला न विचारता तिनं सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर आपल्याकडं तोच फॉर्म. एवढ्या वर्षांनी सगळेच विषय परत द्यायचे होते. पहिल्याच फटक्यात भाषा सुटल्या, विज्ञान सुटलं, इतिहास-भूगोल सुटला. गणित तेवढं राहिलं.

पास झालेल्या विषयांची मंडळ सूट देतं. राहिलेल्या विषयाचाच पेपर पुन्हा द्यायचा. ती देत राहिली, मार्चमध्ये एकदा, जुलैमध्ये एकदा.

आता तुम्ही म्हणाल, घरात गणिताचा एवढा डोंगर उभा असताना बाई पायथ्याशी तहानेली कशी. त्याचं असं, की वर्गात मी ओरडतो ते साठ पोरांत वाटलं जातं. घरी ते सगळं एकटीच्या वाट्याला आलं. दोन दिवस मी शिकवलं. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "तुमी पोरास्नी शिकवा. मी माझं बगते." मग ती गाईड घेऊन चुलीपाशी बसायची, म्हणजे गॅसपाशी, पण बसण्याची ढब चुलीचीच. भाकरी तव्यावर, समीकरण मांडीवर. भाकरी कधी करपली नाही.

तिच्या परीक्षेपायी मीही घरी बसलो. मी मंडळाचा नियामक होतो. परीक्षक पेपर तपासतात, आणि त्यांनी नीट तपासलेत का हे जो तपासतो तो नियामक. त्या खुर्चीत बसल्यावर माझी मान आपोआप वीतभर लांब व्हायची. पण दर वर्षी मंडळाला लिहून द्यावं लागतं, की माझं जवळचं कुणी यंदा परीक्षेला बसलेलं नाही. बसलेलं असेल तर त्या वर्षी खुर्ची नाही. "तुझ्यापायी माझा मान गेला," मी कुरकुरायचो. ती म्हणायची, "मला पास करा आन् घ्या की तुमचा मान परत."

मग अभ्यासक्रम बदलला.

अभ्यासक्रम बदलणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. वर कुठंतरी समित्या बसतात, चहा होतो, मसुदे होतात, जुनं पुस्तक जातं आणि नवं येतं. शाळेतली पोरं महिन्याभरात नव्याला सरावतात. पण जुन्या पुस्तकावर नापास होऊन बसलेली माणसं असतात, ती ना इकडची ना तिकडची. मंडळ काही निर्दय नसतं. त्यांच्यासाठी ते जुन्या अभ्यासक्रमाचा वेगळा पेपर काढत राहतं, पण संधी मोजून देतं, आणि मग दार बंद. हिच्यासाठी परिपत्रकात दोनच संधी उरल्या होत्या, येता मार्च आणि त्याच्या पुढचा जुलै. त्यानंतर नवा अभ्यासक्रम, आणि मिळवलेली सगळी सूट जाऊन सगळे विषय पहिल्यापासून. परिपत्रक मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन लई झाल्या.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता ती खाली बसली आणि उठली नाही. पोरांना वाटलं काकू खेळतेय. तीही तिच्याभोवती फतकल मारून बसली. असं सेविकाबाईंनी मला नंतर सांगितलं.

उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि बोलणं गेलं. म्हणजे मुकी झाली असं नाही. शब्दांचा पुढचा तुकडा तोंडात राहिला आणि मागचा गळून गेला. साखर म्हणायची तर "सा". साडी "सा", सासू "सा". मी सगळ्या जगाला सांगत फिरलो की मला तिचं अक्षरन् अक्षर कळतं. कळायचंही, कारण सकाळी चहा पुढं असताना "सा" म्हणजे साखरच. पण सात, साठ, सतरा, सत्तर हे सगळे एकाच गल्लीत राहायला आले, आणि त्या गल्लीत मी हरवायला लागलो.

मार्चची परीक्षा खाटेवरच गेली. अंगणवाडीत तिच्या जागी दुसरी बाई लागली, लागणारच होती. मला वाटलं, आता हा गणिताचा विषय निदान मिटला. तर एके दिवशी तिनं डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि "जु, जु" करायला लागली. जुलै. मी म्हणालो, अगं, आता कशाला, सेविका तर व्हायची नाहीस. त्यावर ती बराच वेळ बोलली. तुकडे जोडत जोडत मला चौथ्या खेपेला कळलं ते असं, की तव्यावर टाकलेली भाकरी कच्ची ठेवून बाई उठत नसते. एवढं सांगून ती दमली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी फॉर्म भरला.

सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला जोडला की मंडळ लेखनिक देतं. परीक्षार्थीनं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. अट अशी, की लेखनिक खालच्या इयत्तेतला पाहिजे. दहावीच्या पेपराला नववीचा किंवा त्याच्याही खालचा. अट योग्य आहे. नाहीतर लोक लेखनिक म्हणून इंजिनियर आणून बसवतील. मी स्वतः एकदा केंद्रावर नववीचा म्हणून बसवलेला अकरावीचा पोरगा पकडला होता, मिशा काढून आणलेला. त्याच्यावर मी पुण्याला असा अहवाल पाठवला की वाचताना साहेबाच्या खुर्चीचे पाय थरथरले असतील.

तेव्हा मी फार विचार करून, म्हणजे मला तसं वाटलं, माझ्याच नववीच्या वर्गातली एक मुलगी निवडली. घर मागच्या गल्लीत. आई-वडील दोघं टॉवेलच्या कारखान्यात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. अक्षर छापल्यासारखं. आणि गणित असं, की ज्या मास्तरनं म्हशीला शिकवलं त्यानंही तिच्यापुढं हात टेकले होते. मुद्दाम तशी निवडली. उद्या कुणी म्हणायला नको की मास्तरनं हुशार पोरगी घुसवून बायको पास केली.

ती रोज शाळा सुटल्यावर यायची, "काकू, आले मी," म्हणत सरळ खाटेपाशी. मला बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. सर आत आले की काकू चुकतात, असं त्या दोघींचं ठरलं होतं. पहिले काही दिवस आतून नुसतं "काय काकू? परत सांगा काकू" ऐकू यायचं. मग बांगड्यांचा आवाज यायला लागला. मी फटीतून बघितलं. दोघींनी आपली एक भाषा काढली होती. डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर टिचक्या मारल्या की एकक. बांगड्या वाजवल्या की दशक. कानाला हात लावला की क्ष. कपाळाला हात लावला की वजा. तसा तो कपाळाचा हात आमच्या घरात जुनाच होता, पण पूर्वी तो माझ्यासाठी वापरात होता.

एप्रिलपर्यंत त्या दोघी अशा झाल्या, की ही निम्म्या शब्दावर थांबायची आणि पोरगी पुढचं लिहून मोकळी. काकू अडकल्या की ती थांबायची. एक अक्षर आपल्या मनचं घालायची नाही. लेखनिकानं घालायचं नसतं हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. आतून हसण्याचे आवाज यायचे. हिचं हसणं आजाराआधी जसं होतं तसंच राहिलं होतं, तेवढं एक सबंध. मी बाहेर वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत बसायचो.

आणि झालं काय, त्या बसण्या-उठण्यात पोरीला गणित यायला लागलं. शिकवलं कुणीच नाही. हिचं उत्तर कागदावर उतरवता उतरवता तिच्या हाताला वाट सापडली असावी. वार्षिक परीक्षेत पोरगी गणितात पास झाली. मी तिचा वर्गशिक्षक, निकालपत्रकावर "उत्तीर्ण" मीच लिहिलं, शाई वाळेपर्यंत बघत राहिलो. ती आईबरोबर पेढे घेऊन आली. हिनं डाव्या हातानं तिला भरवला. मी तिच्या आईला सांगायला लागलो की दगडाला पाझर कसा फोडायचा ते आमच्याकडून शिकावं, तर खाटेवरून आवाज आला, "पा." आम्ही सगळेच हसलो. मेचा तो सबंध महिना, बाहेर डांबर वितळत असताना, आमच्या घरात बांगड्या वाजत होत्या. भूमितीची आकृती ही आता बोटानं हवेत काढून दाखवायची आणि पोरगी कंपास घेऊन कागदावर. ते कागद मी चोरून तपासायचो. हलक्या हातानं तपासलं नाही, नियामकाच्याच हातानं तपासलं. ही पास होत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. लेखनिकाच्या अर्जाला शाळेचा दाखला लागतो म्हणून मी आमच्या कार्यालयात गेलो. लिपिकानं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि चष्म्यावरून विचारलं, इयत्ता काय लिहू? मी म्हणालो, नववी.

"नववी कशी सर? काल दहावी ब मध्ये हजेरी लागली की तिची. तुम्हीच पास केलीत."

परीक्षा जुलैत आहे हे मला माहीत होतं. पोरगी एप्रिलमध्ये पास झाली हे माझ्याच अक्षरात होतं. एप्रिल आणि जुलै यांच्यामध्ये जून येतो आणि जूनमध्ये पोरं वरच्या वर्गात जातात, एवढी बेरीज जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला आली नव्हती. ती नापास झाली असती तर चाललं असतं. आमच्या घरी येऊन ती पास झाली होती.

घरी नुसतंच पुण्याला काम आहे म्हणालो आणि पहाटेची गाडी पकडली. मुलगा पुण्यातच नोकरीला असतो, त्याच्याकडंही गेलो नाही, सरळ मंडळाच्या विभागीय कार्यालयात. साहेब सज्जन निघाले. चहा मागवला, पंख्याखाली बसवलं, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मी माझ्या परीनं रंगवून सांगितलं. त्या दोघींच्या बांगड्यांची भाषा जगात तिसऱ्याला येत नाही, आणि हे मात्र पूर्ण खरं होतं. साहेबांनी कपाट उघडलं नाही, कागद काढला नाही. नुसतं म्हणाले, "सर, तो मिशा काढलेला मुलगा तुम्हीच पकडला होता ना? तुमच्या अहवालानंतर आम्ही सगळ्या केंद्रांना ही अट काटेकोर पाळायला कळवलंय. आता तुमच्याच घरासाठी मी ती कशी सैल करू?"

मी त्यांच्या जागी असतो तर चहासुद्धा दिला नसता. तरी ते म्हणाले, विशेष बाब म्हणून अर्ज ठेवून जा, मी वर पाठवतो, पण दुसरी मुलगी तयारीत ठेवा. मी अर्ज ठेवला. दुसरी मुलगी काही बघितली नाही. माझ्या नावाची मला लई खात्री. घरी येऊन सांगितलं, काम झाल्यात जमा आहे. हिनं माझ्याकडं बघितलं आणि काहीच अपूर्णांक दिला नाही.

उत्तर आलं तेव्हा परीक्षेला आठवडा राहिला होता. एका ओळीचं होतं. नियमात तरतूद नाही.

त्याच संध्याकाळी पोरगी आली, मागं तिची आई, कारखान्यातून तशीच आलेली, केसांत सुताचे धागे. बातमी तिला शाळेत कळली असावी. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, सर, आम्ही दोघं बोललोय घरात, तिला परत नववीत बसवा. पालकानं लिहून दिलं की शाळेला बसवता येतं म्हणतात. काकूमुळं पास झाली, काकूसाठी एक वर्ष मागं राहील, त्यात काय. पोरगी म्हणाली, मला चालतंय सर, मी नववीचं गणित परत करते, आता येतंय मला.

मुख्याध्यापक माझं ऐकणारे होते. अर्ज एका पानाचा, सही एका मिनिटाची. मी नाही म्हणायला पाहिजे होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

खाटेवरून बांगड्या वाजल्या. हिनं पोरीला जवळ बोलावलं आणि बोलायला लागली. तुकडे, टिचक्या, परत तुकडे. मला त्यातलं काही लागेना. पोरगी ऐकता ऐकता रडायला लागली. मी विचारलं, काय म्हणतेय? पोरगी सांगेना. हिनं तिच्या मनगटाला धरून हलवलं, सांग.

"काकू म्हणतात," पोरगी म्हणाली, "माझी वर्षं गेली ती गेली. तुझं एकपण द्यायचं नाही. आणि म्हणतात, उद्यापासनं इथं यायचं नाही, दहावीचा अभ्यास करायचा. तसं केलं नाही तर मी पेपरला जाणारच नाही."

आई खाली बसली आणि तिनं हिचे पाय धरले. हिनं डावा पाय ओढून घेतला, उजवा ओढता आला नाही.

दुसऱ्या शाळेतली आठवीची एक मुलगी मिळाली. चांगली होती, अक्षर सुरेख, पण भित्री. मोठ्या आजारी बाईसमोर बसायची तीही खाटेपासून हातभर लांब. राहिलेल्या दिवसांत तिला टिचक्या कळल्या, बांगड्या कळायला लागल्या, तोवर परीक्षा आली.

त्या परीक्षेला आमच्या केंद्रावर जुन्या अभ्यासक्रमाची ही एकटीच होती. एका बाईसाठी वर कुणीतरी पेपर काढला, कुणी छापला, वेगळं पाकीट सील केलं. ते पाकीट आणायला जीप, जीपमध्ये पोलीस. दारावर वेगळा बैठक क्रमांक चिकटवला, आत एक पर्यवेक्षक, बाहेर एक शिपाई. पंतप्रधानांच्या सभेला एवढा बंदोबस्त नसतो. हे मी तिला व्हीलचेअर ढकलता ढकलता सांगत होतो. ती हसली. दारापाशी शिपायानं मला थांबवलं. मी गणिताचा शिक्षक, मला आत सोडता येत नव्हतं. मीच त्याला म्हणालो, बरोबर आहे तुझं.

फाटकाबाहेर उभा राहिलो. आत काय झालं ते मला पर्यवेक्षकानं नंतर सांगितलं. तो माझाच जुना विद्यार्थी. पहिल्या प्रश्नाला ती आठवीची पोरगी "काय काकू?" म्हणाली, दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. भीतीनं तिला टिचक्या मोजता येईनात. चौथ्यांदा विचारताना तिचे डोळे भरून आले. तेव्हा हिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि डाव्या हातानं स्वतः लिहायला लागली. एक आकडा चिंचोक्याएवढा. एका गणिताला एक पान. पुरवणीमागून पुरवणी मागितली. बैलगाडी भरली असती एवढ्या पुरवण्या, असं मी सांगायचो, पण तो म्हणाला, सर, मोजक्याच होत्या, वेळच संपला.

ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागलेली, आणि आठवीची पोरगी तिची खुर्ची ढकलत होती. मी विचारलं, किती सोडवली? तिनं शाईची बोटं पदराला पुसली. भूमितीच्या पेपरालाही तसंच झालं. कंपास डाव्या हातानं फिरत नाही.

निकाल मोबाईलवर बघितला. गणितात गेली. थोडक्यानं नव्हे, बऱ्याच गुणांनी. संध्याकाळी मागच्या गल्लीतली पोरगी आली, दारातच उभी राहिली. मी मान हलवली तशी ती आत न येता परत गेली. आतून हिनं काही म्हटलं असतं तर थांबली असती.

नापास झालेल्याला मंडळ उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं. मी अर्ज केला. माझ्या मनात एक होतं. परीक्षक दमलेला असतो, एखादं पान उलटायचं राहतं, एखादी पायरी नजरेतून सुटते. अशा चुका पकडण्यात माझी हयात गेली होती. पाकीट आलं तसं मी लाल पेन घेऊन बसलो. चिंचोक्याएवढे आकडे, थरथरते, वर चढणारे. बरोबरचं चिन्ह कुठं तिरकं, कुठं उभं. एकदा तपासलं, परत तपासलं, बेरीज उलटीकडून केली. परीक्षकानं एक पान सोडलं नव्हतं. निम्म्यावर सुटलेल्या गणितालाही पायरी-पायरीचे गुण दिले होते. एके ठिकाणी तर नियमानं मिळत नव्हता तो अर्धा गुणही दिला होता. कोण होता कुणास ठाऊक. मी असतो तर दिला नसता.

मी पेन ठेवलं. ती खाटेवरून बघत होती. मला म्हणावंसं वाटलं की आपण नवा फॉर्म भरू, नवं पुस्तक आणू, सगळे विषय परत. म्हणालो नाही. तिनं हात पुढं केला. मी कागद तिच्या मांडीवर ठेवले. ती पान बघत गेली, माझ्यासारखी भराभर नव्हे. एका ठिकाणी थांबली, कंस उघडला होता आणि मिटायचा राहिला होता, तिथून पुढचं सगळं बिनसलं होतं. तिनं उशीखालची पेन्सिल काढली, छायाप्रतीवर कंस मिटवला, आणि त्याच्याखाली, परीक्षकाच्या शून्याच्या शेजारी, गणित परत मांडायला घेतलं. बराच वेळ लागला. झाल्यावर तिनं कागद माझ्याकडं सरकवला.

मी प्रत्येक पायरी बघितली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कागद परत ओढून घेतला आणि पुढचं पान काढलं.